गुलाबाचा तक्रार क्रमांक

“डोक्यामागं पैसे?” गजेंद्रनं लॅपटॉपच्या पडद्याकडे वाकून विचारलं. “म्हणजे ताटाप्रमाणं? लग्नातल्या जेवणासारखं?”

पडद्यावरची बंगळुरूची मुलगी शिकवल्याप्रमाणे हसली. “जी सर. पर एजंट, पर मंथ. आपके हेल्पडेस्क में कितने एजंट हैं?”

गजेंद्रनं हेल्पडेस्कवरून नजर फिरवली. सिंदी (रेल्वे)च्या स्टेशन रोडवर ‘मोतीलाल बॅटरी अँड सोलर’ नावाचं जे दुकान आहे, त्याच्या मागच्या अर्ध्या भागाला ऑफिस म्हणतात. त्यात चार डोकी होती. एक त्याचं स्वतःचं. दुसरं रुचिकाचं, ती कॉम्प्युटर सांभाळायची. तिसरं कवडूचं, ते बहुतेक वेळ हेल्मेटमध्ये असायचं, कारण गावोगावी स्कूटरवर जाऊन इन्व्हर्टर दुरुस्त करणं हे त्याचं काम. आणि चौथं मंदाबाईंचं. मंदाबाई चौदा वर्षांपासून फोन घेत होत्या.

“फोर,” गजेंद्र म्हणाला. मुलीनं जो आकडा सांगितला तो ऐकून त्यानं “आवाज कटून राह्यला, आवाज कटून राह्यला” असं म्हणत लॅपटॉप मिटला.

सॉफ्टवेअरची हौस गजेंद्रला नव्हती. ती गरज भैय्याजींनी लावून दिली होती. गावाबाहेर भैय्याजींची कापसाची जिनिंग फॅक्टरी होती आणि तिथल्या सगळ्या बॅटऱ्या आणि सोलरच्या देखभालीचं वर्षाचं काम ते कोणाला तरी देणार होते.

“गजू,” ते म्हणाले होते, “तुह्या इथं काही सांगतलं की मंदाबाई म्हणते, ‘हो, पाठवतो कवडूले.’ पाठवतेही, नाई म्हणत नाई मी. पण मले कागद पाहिजे ना बावा. तक्रारीले नंबर पाहिजे. किती आल्या, किती सुटल्या, किती वेळात. एक महिन्याचा रिपोर्ट आणून दाखव, काम तुह्यं.”

हे काम मिळणं भाग होतं. हायवेवर दोन मोठी दुकानं झाल्यापासून धंदा चार माणसांना पुरेल इतका राहिला नव्हता. काम हुकलं तर उन्हाळ्याआधी एकाला घरी पाठवावं लागणार होतं. कोणाला, हे ऑफिसात कोणी बोलत नव्हतं, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. कवडूवाचून दुरुस्ती नाही, रुचिकावाचून बिल नाही. फोन मात्र कोणीही उचलू शकतो, असा जगात सगळीकडेच समज आहे. तेव्हा गजेंद्र सॉफ्टवेअर शोधत होता तो खरं पाहता मंदाबाईंना वाचवण्यासाठी. वाचकांनी एवढं शेवटपर्यंत लक्षात ठेवावं. गजेंद्रच्या बाजूनं बोलण्यासारखं या कथेत दुसरं फारसं काही नाही.

रुचिकानं तीन दिवस इंटरनेट धुंडाळून वहीचं एक पान भरलं. बंगळुरूचं कटलं होतं. दुसऱ्या एका कंपनीला किमान दहा एजंट हवे होते. “दहा डोके जमवाले मले वरच्या तीन पिढ्या बोलवा लागतीन,” गजेंद्र म्हणाला. तिसरं सॉफ्टवेअर मात्र तीन जणांपर्यंत कायमचं फुकट होतं.

“फुकट काऊन देतेत?” गजेंद्रला संशय आला.

“चौथ्या माणसापासून पैसे घेतेत ना सर.”

“मंग चौथा घेतेच कोण!” गजेंद्र आनंदानं ओरडला आणि मग त्याची नजर मंदाबाईंच्या टेबलाकडे गेली.

चौथं डोकं तेव्हा फोनवर होतं. “लाल लाइट लागला काय? मंग मांगचं बटन दाबा. ते नाई हो, ते पंख्याचं असन. मांगचं. लागली लाइट? झालं तं मंग.” निम्म्या तक्रारी कवडूनं स्कूटरला किक मारायच्या आधीच अशा मिटायच्या. उरलेल्या निम्म्यांचा क्रम मंदाबाई डोक्यात लावायच्या. कोणाकडे साखरपुडा आहे, कोणाच्या पोरीची परीक्षा आहे आणि कोण नुसताच बोंबलतो, हे त्यांना पाठ होतं.

“मंदाबाई,” गजेंद्र जमेल तितक्या मायेनं म्हणाला, “तुमाले या कॉम्प्युटरच्या भानगडीत नाई टाकत मी. तुमी आराम करा. फोन आला तं कागदावर लिहून रुचिकाले द्या. बस.”

“आराम?” मंदाबाईंनी चष्मा काढला. “काऊन भाऊ, माह्यं काही चुकलं काय?”

“चुकलं नाई हो! तुमच्यासाठीच तं करून राह्यलो.”

हे खरं होतं. पण खरं बोलताना माणूस समोरच्याकडे पाहतो. गजेंद्र पंख्याकडे पाहत होता, आणि थंडीचे दिवस असल्यामुळे पंखा बंद होता.

मग नंबर जोडायचा प्रश्न आला. गिऱ्हाइकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला निरोप थेट सॉफ्टवेअरमध्ये जाणार, त्याला आपोआप क्रमांक पडणार, अशी सोय होती. त्यासाठी एक नंबर द्यायचा होता. सहाशे गिऱ्हाइकांना चौदा वर्षांत एकच नंबर माहीत होता, तो मंदाबाईंच्या टेबलावरच्या मोबाइलचा. रुचिकानं तोच जोडला. जोडताक्षणी त्या मोबाइलवरचं व्हॉट्सअ‍ॅप बंद पडलं आणि सगळं कॉम्प्युटरवर गेलं.

“भाऊ, त्या नंबरवर लोकं बाकीचंही पाठवतेत,” मंदाबाई म्हणाल्या.

“पाठवू द्या ना! सगळ्याची नोंद होईन.”

झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला रुचिकानं कॉम्प्युटर उघडला तेव्हा दोनशे बारा तक्रारी नोंदलेल्या होत्या.

पहिली तक्रार म्हणजे लाल गुलाब होता. दुसरी चहाचा कप आणि वाफेत ‘शुभ सकाळ’. तिसरी डोंगरामागून उगवणारा सूर्य, चौथी ‘जय भीम, मंगलमय सकाळ’, पाचवी ‘राम राम’, सहावी हसणारं बाळ आणि त्याच्या तोंडी न शोभणारा सुविचार. मंदाबाईंना रोज सकाळी अर्धा तालुका असा भेटून जायचा आणि दहाचा चहा येईपर्यंत त्या सगळ्यांना उत्तर देऊन मोकळ्या व्हायच्या. चौदा वर्षांत त्याचा कोणाला आवाज आला नव्हता.

आता सॉफ्टवेअरनं प्रत्येकाला तत्परतेनं कळवलं होतं: ‘आपली तक्रार क्रमांक ८७ नोंदवण्यात आली आहे. लवकरच कारवाई करण्यात येईल.’ ‘कारवाई’ हा शब्द रुचिकानं खास निवडला होता. भारदस्त वाटतो म्हणून.

इथं या भागातली एक रीत सांगितली पाहिजे. आपल्याकडे माणूस सांगतो, बोलतो, चारचौघांत उद्धारही करतो, पण तक्रार करत नाही. नंबर पडलेली तक्रार ठाण्यात असते नाहीतर तहसिलीत, आणि ती केल्यावर दोन घरांत दोन पिढ्या साखरेची वाटी जात नाही. त्यामुळे अकरा वाजायच्या आत पहिला माणूस येऊन थडकला. तो नत्थू होता. दहा किलोमीटर मोटारसायकल हाणत आला होता आणि हातात तुरीच्या शेंगांची पिशवी होती.

“मंदाबाई, मी तक्रार केली नाई!” नत्थू दारातूनच म्हणाला. “गजाननबाबाची शप्पथ. माह्यं इन्व्हर्टर मस्त चालू हाय. कोणं माह्या नावानं नोंदवली?”

“कोणीच नाई नोंदवली नत्थूभाऊ. बसा, पाणी प्या.”

“हे काय मंग? क्रमांक सत्त्याऐंशी. कारवाई! मी फक्त गुलाब पाठवला तुमाले.”

“त्याच गुलाबाची नोंद झाली,” रुचिका म्हणाली.

नत्थूनं तिच्याकडे, मग गजेंद्रकडे पाहिलं. “गुलाब पाठवाची मनाई झाली काय? सांगाचं ना मंग. मी कमळ पाठवलं असतं.” त्यानं शेंगांची पिशवी गजेंद्रच्या टेबलावर ठेवली. “हे ठेवा साहेब. पण माह्यं नाव काढून टाका. पोरीचं जमून राह्यलं, असं काही नावावर नको.”

दुपारपर्यंत नऊ जण आले. तुरीच्या शेंगा, दोन डझन संत्री आणि एक भोपळा एवढा ऐवज जमा झाला. गजेंद्रनं रुचिकाला सगळ्या तक्रारी एकदम बंद करायला सांगितलं. तिनं केल्या. सॉफ्टवेअरनं दोनशे बारा जणांना कळवलं: ‘आपली तक्रार बंद करण्यात आली आहे.’ दोनशे बारा जणांचा जीव भांड्यात पडला आणि त्यांनी संस्कारांप्रमाणे उत्तर पाठवलं: ‘धन्यवाद ताई.’

आणि उत्तर आलं म्हणजे गिऱ्हाईक समाधानी नाही, असं समजून सॉफ्टवेअरनं दोनशे बाराही तक्रारी पुन्हा उघडल्या.

रुचिकानं त्या पुन्हा बंद केल्या. लोकांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं. तिनं पुन्हा बंद केल्या. लोकांनी ‘वेलकम’ पाठवलं. आपल्याकडे शेवटचा शब्द दुसऱ्याचा राहू देणं म्हणजे माज समजतात, आणि सॉफ्टवेअरचंही मत तेच होतं. पुढं संक्रांतीला तर एकाच दिवशी तिळगुळाच्या सव्वाचारशे तक्रारी आल्या. ‘गोड बोला’ अशी मागणी करणाऱ्या.

“आपले लोक फारच सभ्य हायेत सर,” रुचिका रडवेल्या आवाजात म्हणाली.

“बंद करत राह्य. रिपोर्टमधी ‘सुटल्या’ म्हणून येईन ना!” गजेंद्र म्हणाला. त्याच्या मते काम जोरात चाललं होतं. मंदाबाई समोर मुक्या मोबाइलजवळ आराम करत होत्या. आराम करताना त्यांनी टेबलाचे सगळे खण तीनदा आवरले होते.

सॉफ्टवेअर लागल्यापासूनच्या चौथ्या दिवशी अनुसयाबाई आल्या. त्यांचा शिवणाचा वर्ग होता, मोटारीवरची सहा मशिनं होती आणि दिवसा वीज गेली की सगळी मदार इन्व्हर्टरवर. त्या ओरडल्या नाहीत. मंदाबाईंच्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, “बाई, चार दिवस वाट पाह्यली.”

“कशाची?”

“मी लिवलं ना, बॅटरी चार्ज पकडून नाई राह्यली, लगन तोंडावर हाय. अकरा ब्लाउज राह्यले होते. सकाळची लाइन रोज जाते. काल वऱ्हाड गेलं जुन्या ब्लाउजवर.”

रुचिकानं शोधलं. सापडलं. अनुसयाबाईंनी आधी गुलाब पाठवला होता आणि त्याच्या खाली तक्रार लिहिली होती, कारण सकाळी सकाळी एकदम कामाचं बोलणं बरं दिसत नाही. गुलाबासोबत तीही चार वेळा बंद झाली होती.

“तुमाले वाचता आलं नाई काय बाई?” अनुसयाबाईंनी विचारलं.

मंदाबाईंनी गजेंद्रकडे पाहिलं नाही. “मी आरामावर हाय,” त्या म्हणाल्या.

कवडू दारात हेल्मेट घेऊन उभा होता. तो मुळात बोलणारा नव्हता. त्याची आजवरची सगळी लेखी कामगिरी म्हणजे ‘बॅटरी बदलली’ आणि ‘बॅटरी नाही बदलली’ ही दोन वाक्यं. पण त्या दिवसापासून कवडूत फरक पडला. सॉफ्टवेअरमध्ये त्याच्या नावानं उत्तरं जाऊ लागली. भराभर आणि नेमकी. आठवड्याच्या शेवटी सॉफ्टवेअरनं गजेंद्रला कळवलं: ‘सर्वोत्तम एजंट: कवडू. उत्तरे: तीनशे बारा.’

गजेंद्रनं कवडूची पाठ थोपटली आणि त्याच्यासाठी चहासोबत समोसा मागवला. कवडूनं समोसा अर्धाच खाल्ला आणि उरलेला अर्धा कागदात बांधून मंदाबाईंच्या टेबलावर ठेवला. “शुगर हाय मले,” तो म्हणाला. समोशाचा शुगरशी काय संबंध, हे गजेंद्रनं विचारलं नाही. माणूस सुधारला की फार खोलात जाऊ नये, असं त्याचं मत होतं.

महिना भरला. गजेंद्रनं रिपोर्टची रंगीत प्रत काढली, वरून प्लॅस्टिकचं कव्हर चढवलं, लॅपटॉप घेतला आणि कवडूच्या स्कूटरवर मागं बसून फॅक्टरीत गेला. कवडू बाहेर थांबला. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग होती आणि वजनकाट्याजवळ ओलाव्यावरून कोणाची तरी आई-बहीण निघत होती.

भैय्याजींनी पहिलं पान पाहिलं. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

“सहा हजार चारशे तक्रारी?”

“सगळ्या सुटलेल्या,” गजेंद्र म्हणाला. “सरासरी वेळ चार मिनिटं.”

“गजू, सिंदीत घरं किती हायेत?”

“असतीन तीन-साडेतीन हजार.”

“म्हणजे घरटी दोन तक्रारी, एका महिन्यात!” भैय्याजींनी रिपोर्ट मिटला. “बावा, कसल्या बॅटऱ्या विकून राह्यला तू? मंदाबाईच्या वक्ताले एक तक्रार ऐकली नव्हती तुह्या दुकानाची. आता काम देलं तं लोकं मले येड्यात काढतीन.”

“भैय्याजी, ते गुलाब हायेत!”

“काय हायेत?”

गजेंद्रनं घाईघाईनं लॅपटॉप उघडला आणि पुरावा दाखवला. गुलाब, सूर्य, चहा, तिळगूळ. भैय्याजी पाहत गेले. आधी हसले. मग हसायचे थांबले आणि वाचू लागले, कारण गुलाबांच्या खाली उत्तरं होती.

‘गुलाब भेटला नत्थूभाऊ. म्हशीचा पाय कसा हाय? पाहुणे येतीन त्या दिवशी सकाळी कवडू येऊन लाइट पाहून जाईन.’ ‘बॅटरीत नळाचं पाणी टाकू नका, दुकानातलं टाका, आणि पोरीचा निकाल कळवा.’ ‘रागावू नका दादा, आज तिकडं मौत झाली म्हणून कवडू तिकडं गेला. उद्या पह्यला नंबर तुमचा.’ आणि त्या दादाचं उत्तर: ‘राग नाई बाप्पा. सावकाश येऊ द्या.’

भैय्याजींनी मान वर केली. “हे कोणं लिवलं?”

“कवडूनं, आमच्या मेकॅनिकनं. सर्वोत्तम एजंट,” गजेंद्रची छाती फुगली. काम मिळण्याची आशा त्याला पुन्हा दिसू लागली.

“काम नाई देत मी तुले. सहा हजाराचा कागद फायलीत लागला तं मले जाब द्या लागन. पण हा माणूस मले दे. तो बाहेरचा गोंधळ ऐकला ना? फोनवर याच्यावून वाईट राह्यते. असा एक माणूस बसवला तं निम्मं भांडण मिटन.”

कवडूला आत बोलावलं. तो हेल्मेट पोटाशी धरून उभा राहिला आणि ऐकून घेऊन म्हणाला, “मी नाई भैय्याजी. मले ‘बॅटरी’ लिवाले दोन मिनिटं लागते. मी तं सॉफ्टवेअरवाला मोबाइल रोज मंदाबाईच्या टेबलावर ठेवून जातो. त्याईनं लिवलं सारं, माह्या नावानं.” मग गजेंद्रकडे पाहून, “त्यायले कॉम्प्युटरात डोकं नोयतं ना भेटलं.”

भैय्याजी दुसऱ्या दिवशी स्वतः ऑफिसात आले. त्यांनी मंदाबाईंना पगार सांगितला. तो गजेंद्र देत होता त्याच्या दीडपट होता. फॅक्टरीची गाडी न्यायला येईल, हेही सांगितलं.

मंदाबाईंनी ऐकलं आणि त्या गजेंद्रकडे वळल्या. नुसत्या थांबल्या. चौदा वर्षं दुसऱ्याचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबायची त्यांना सवय होती.

गजेंद्रला त्या क्षणी दोन शब्द बोलायचे होते. ‘नका जाऊ.’ ते त्याच्या जिभेवर आलेही होते. पण त्याच वेळी त्याच्या डोक्यात असंही आलं, की काम तर हुकलंच. एकाला पाठवणं भाग आहे. आणि हे जर आपोआप, वाईटपणा न येता, दीडपट पगारावर होत असेल तर देवच पावला. माणसाच्या डोक्यात एका वेळी दोन गोष्टी आल्या की तोंडातून नेहमी दुसरी बाहेर पडते.

“चांगला चानस हाय मंदाबाई,” तो म्हणाला. “तुमच्या भल्यासाठीच म्हणून राह्यलो.”

“जाऊ म्हणता?”

“म्हणजे… पाहा तुमी.”

मंदाबाईंनी पाहिलं. मग खणातून आपला स्टीलचा पेला, खुर्चीवरची उशी आणि चष्म्याचं घर काढून पिशवीत ठेवलं. मोबाइल गजेंद्रच्या टेबलावर ठेवला. “चार्जर जरा तिरपं धरून लावा लागते,” त्या म्हणाल्या. “आठ दिवस तरी कोणी सरळ लावीन आणि म्हणीन बिघडलं. बिघडलं नाई ते.”

अशा रीतीनं कोणालाही घरी पाठवण्याची वेळ गजेंद्रवर आली नाही.

पंधरा दिवसांत सिंदीतल्या गुलाबांना फॅक्टरीचा पत्ता लागला. दुकानाच्या नंबरवर रोजच्या तक्रारी दोनशेवरून तीनवर आल्या आणि सॉफ्टवेअरनं गजेंद्रचं मनःपूर्वक अभिनंदन केलं. बॅटऱ्या बिघडायच्या थांबल्या नव्हत्या. लोक बिघाड आता हायवेवरच्या दुकानांना सांगत होते. कोणालातरी सांगायचंच, तर तिथं निदान नंबर पडत नव्हता.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी कवडू बाहेरगावी होता, रुचिका बिलं लावत होती. गजेंद्रनं बराच वेळ मोबाइल हातात फिरवला आणि फॅक्टरीचा नंबर लावला. पलीकडून आधी यंत्रांची घरघर आली, मग कोणाची तरी शिवी, आणि मग आवाज.

“बोला.”

“मंदाबाई, मी गजेंद्र.”

“बोला ना भाऊ. काय झालं?”

काय झालं, हे चौदा वर्षांत सहाशे लोकांनी त्यांना सांगितलं होतं, तिरपंतारपं, आधी हवापाण्याचं, मग मुद्द्याचं. गजेंद्रला ते कसं सांगतात हेच माहीत नव्हतं. “काही नाई,” तो म्हणाला. “सहज.”

“भाऊ, इथं दोन गाड्यावाले एकामेकाच्या गळ्याले लागून राह्यले,” मंदाबाई म्हणाल्या. “फोन ठेवू नका. मी येतो. तवरक आठवून ठेवा काय सांगाचं ते.”

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. गजेंद्रनं खुर्ची भिंतीकडे वळवली. पाच मिनिटं झाली. दहा झाली. लांबून मंदाबाईंचा आवाज येत होता, “दादा, आधी तुमी बसा,” आणि कोणीतरी बसत असावं.

“कोणाचा फोन हाय सर?” रुचिकानं विचारलं. “मी घेऊ काय?”

गजेंद्रनं मान हलवली आणि मोबाइल दुसऱ्या कानाला लावला.

“नाई,” तो म्हणाला. “लायनीत हाय मी.”